पुसलेली द्राक्षं

परवा नातवाच्या बागेत वाइनसाठी द्राक्षतोडणी चालली होती. त्यानं देठाला धरून एक घड माझ्यापुढे केला. त्याचा गार, गोड वास आला आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. "आजी, पुसू नकोस!" तो ओरडला.

एकाहत्तर साली राहुरीजवळची आमची बाग पहिल्यांदाच फळाला आली, तेव्हा मी नवी सून होते. "देठाला धरा, द्राक्षाच्या मन्याला बोट लावू नका," असं पहाटे बजावून सासरे व्यापाऱ्याला आणायला गेले. सासूबाईंनी पाटीत डोकावून नाक मुरडलं. "पाव्हन्याला असला धुरळा बसलेला माल दावायचा व्हय?" मग आम्ही दोघींनी जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक मणी पुसला. द्राक्षं काचेच्या गोट्यांसारखी चमकायला लागली.

व्यापाऱ्यानं एक घड उचलला आणि परत ठेवला. "मामा, वरची पांढरी भुकटी पार गेली. आता ह्यो माल शिळा दिसतो, अन् टिकायचा बी न्हाई."

सासऱ्यांनी वळून आमच्या हातातलं फडकं पाहिलं.

"सकाळपास्नं कंबर मोडली आमची," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

पुढच्या वर्षी तोडणीच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः बैलगाडी जुंपून सासूबाईंना माहेरी पोचवलं. कित्येक वर्षांत त्यांना पहिल्यांदाच चार दिवस माहेर मिळालं होतं. मला मात्र तेव्हा त्यांची फार कीव आली.

त्यानंतर दरवर्षी द्राक्षात गोडी भरायला लागली, की सासूबाई ते फडकं स्वच्छ धुऊन, सासऱ्यांना दिसेल असं अंगणात वाळत घालायच्या.