छतातून उतरलेली टोपली

खरं सांगतो, तोवर देवाला मी फारशी तसदी दिली नव्हती. तीस वर्षं दिल्लीत गाडी चालवलेल्या माणसाला देवाची काय गरज, असा माझा समज. निवृत्त झालो, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडलं, आणि आम्ही नवरा-बायको दक्षिण इटलीतली जुनी गावं बघायला भाड्याची गाडी घेऊन निघालो. एका दुपारी डोंगरावरच्या गावात, जिथून आजवर गाढवसुद्धा पोट आत घेऊन गेलं असेल, अशा गल्लीत मी गाडी घातली. ही म्हणाली, "अहो, नाही जाणार." मी म्हणालो, "चांदनी चौकातून काढलीय मी, बिल्कुल जाईल." वीस पावलांवर दोन्ही दारं भिंतींना टेकली. दरवर्षी पानिपतला काला अंबच्या मराठ्यांच्या स्मारकासमोर हात जोडतो मी, पण कोंडी म्हणजे काय ते इटलीत कळलं.

गंमत तेवढ्यावरच राहिली असती. पण वार गुरुवार, हिचा दत्ताचा उपास. म्हणून खायला बरोबर काही घेतलं नव्हतं; मधुमेहाची गोळी मात्र हिने सवयीने घेतलेली. हिचे हात थरथरू लागले, कपाळाला घाम सुटला, बोलणं अडखळू लागलं. दारं उघडेनात, मागे घ्यावी तर भिंतींपलीकडचं काही दिसेना. छतातली काच सरकवून बाहेर पडायला गेलो तर पोट अडकलं. मग दिल्लीचा हॉर्न दिला, असा की मेलेले रोमन उठून बसावेत. सगळं गाव दुपारचं झोपलेलं. ही पुटपुटत होती, "दत्तगुरू, दत्तगुरू." मीही मनातून तेच म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि हॉर्नवरचा हात काढला.

वर खिडकी उघडली. काळ्या कपड्यांतली म्हातारी भांडायच्याच तयारीने आली होती. मी हिंदीतच ओरडलो, "माताजी, शुगर डाउन." तिला काय कळलं कोण जाणे. हिचा चेहरा बघून ती आत गेली, आणि दोरीला बांधलेली टोपली छतातून थेट हिच्या मांडीवर उतरली. पाव आणि पिकलेली अंजिरं.

"अंजीर उपासाला चालतं ना हो?"

"चालतं. खा आधी."

पाव हिने तसाच परत पाठवला. हिला हुशारी आली तशी म्हातारी वरून गाडी मागे घ्यायच्या खुणा करू लागली. सख्ख्या बायकोचं न ऐकणारा मी, त्या हाताकडे बघत इंच-इंच मागे आलो.

आता नोएडाला नवव्या मजल्यावर चहा घेताना त्या दुपारची गोष्ट निघतेच. दरवेळी मी ती गल्ली थोडी आणखी अरुंद करतो, ही हसते. एवढं मात्र वाढवून सांगत नाही: हिचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता आणि माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथून पुढचं सगळं दत्त महाराजांनी केलं. मी फक्त सांगितलं तसा मागे आलो.