वैशाखातला हिमालय

"तुमच्या त्या डोंगरापायी आमच्या ह्यांनी तिफण सोडली," कौसाबाई म्हणाल्या आणि माझ्या टेबलासमोर खालीच बसल्या. खुर्ची होती, पण तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

मी तेव्हा तुळजापुरातल्या एका छोट्या यात्रा कंपनीत मॅनेजर होतो. निजामाचं राज्य जाऊन दहाबारा वर्षं झाली असतील. मॅनेजर म्हणजे बुकिंग घ्यायचं, रेल्वेत जागा धरायच्या, आचाऱ्याचे रुसवे काढायचे आणि वाटेत कुणी चुकलं तर शोधून आणायचं. कौसाबाई येरमाळ्याकडच्या. त्या आणि त्यांचे यजमान राजारामतात्या वैशाखात आमच्या नेपाळच्या पार्टीत होते. पार्टी म्हणजे एका खेपेला नेलेली माणसं.

"असं का केलं त्यांनी, मावशी?"

"डोळं गेलं म्हणत्यात. रब्बीची पेरणी तोंडावर आली अन् तिफण धाकल्या दिराच्या हाती दिली. मिसरूड फुटल्यापासून चाड्यावर मूठ दुसऱ्याला धरू दिली न्हाय त्या माणसानं."

तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. वर लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्यात मुठीनं बी सोडत चालायचं. बैल सरळ हवा, मूठ सारखी हवी आणि नजर समोर. तात्यांच्या ज्वारीची तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, बघायला शेजारच्या गावची माणसं येत.

"पण डोळे गेले कधी?"

"तुमच्या त्या घाटावर. समद्यांना पांढरा डोंगर दिसला. ह्यांनाच दिसला न्हाय."

मी मुळात कमी बोलणारा. या धंद्यात त्याचा फायदा होतो, पण त्या वैशाखात मी नको ते एक वाक्य बोललो आणि एका माणसाचं नुकसान केलं होतं.

ते असं. नेपाळला जायचे सीझन वेगवेगळे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, रस्ता बंद पडतो. माघात शिवरात्रीला पशुपतिनाथाची जत्रा असते, पण थंडी म्हाताऱ्यांना सोसत नाही. चैत्र-वैशाखात हवा बरी, पण धूळ उडते, रानं जळतात आणि त्या धुरात हिमालय पार बुडून जातो. पावसानं आभाळ धुऊन निघालं की कार्तिकात तो सगळ्यात चांगला दिसतो. हे मला पहिल्याच खेपेला एका नेपाळी ड्रायव्हरनं सांगितलं होतं. तरी आम्ही पार्टी वैशाखातच नेत होतो. कारण एकच. वैशाखात आमच्याकडं रानं मोकळी असतात. खळी उरकलेली, पाऊस लांब. शेतकऱ्याला सवड तेव्हाच.

काठमांडूच्या वाटेवर घाटाच्या माथ्यावर दामन नावाची जागा आहे. तिथून बर्फाची रांगच्या रांग दिसते. त्या वैशाखात तिथं नुसता राखाडी पडदा होता. माणसं एवढ्या लांबून आलेली. मला त्यांचे चेहरे बघवेनात. मी उत्तरेकडं बोट केलं आणि म्हणालो, "ते बघा, हिमालय. हात जोडा." सगळ्यांनी जोडले. एकजण म्हणाला, "व्हय व्हय, दिसतोय की!" मग सगळ्यांनाच दिसला, तात्यांच्या गावच्या पाटलीणबाईंना तर सगळ्यात जास्त. तात्या तेवढे गप्प होते. ते का गप्प होते, हे मला आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या रानात गेलो. तात्या बांधावर बसले होते, शेजारी कौसाबाई. धाकटा भाऊ बैल जुंपत होता.

"तात्या, तुमचे डोळे ठीक आहेत. त्या दिवशी तिथं काही दिसतच नव्हतं. मी खोटं बोललो."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. "हिनं शिकवून आणलंय व्हय तुम्हाला?"

"नाही हो. शप्पथ."

"मग पाटलीणबाईला कसा दिसला? ती तर गावभर सांगती, पांढराशिपत हुता म्हणून."

"त्यांनाही दिसला नाही."

"हे तिच्या तोंडावर सांगाल?"

तात्यांना घेऊन मी पाटलीणबाईंच्या वाड्यावर गेलो आणि सांगितलं. त्यांनी मला उभा-आडवा सोलला. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलाय! तुमची नजर फिरली असंल मॅनेजर, माझी न्हाय." तात्या हे ऐकत होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे झालं, निकाल लागला. पेरणी भावानंच केली.

आता एकच मार्ग उरला. मी बापूरावांकडं, म्हणजे आमच्या मालकांकडं गेलो. "कार्तिकात नेपाळची पार्टी काढू."

"कार्तिकात? रब्बीचा पेरा टाकून कोण येतंय?"

"पेरा दिवाळीपर्यंत उरकतो. येळवसच्या आत परत आणतो."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात जातात, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात, शेंगाभाज्यांची भज्जी आणि ताकातली ज्वारीची आंबील खातात. त्या दिवशी आपल्या रानात नसणं म्हणजे पाप. पेरणी आणि येळवस यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत हिमालय उघडा असतो, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही आमचं रान बघून सीझन ठरवत होतो, तेही अर्धंच बघून.

"आणि लोकांना काय सांगणार?" बापूरावांनी विचारलं.

"वैशाखात दिसत नाही, हे."

"म्हणजे गेल्या पार्ट्यांना आपण काय दाखवलं? धंदा बुडवायला निघालास काय रे?" पण ते मनानं वाईट नव्हते. बराच वेळ सुपारी कातरून म्हणाले, "अर्धी पार्टी जरी जमली तरी ने. पण थंडीनं कुणी आजारी पडलं तर तू आणि तुझं नशीब."

अर्धीच जमली. पाटलीणबाई मात्र आल्या. "पुन्यांदा बघते आन् तुमची जिरवते," म्हणाल्या. तात्यांना यायचंच नव्हतं. कौसाबाईंनी त्यांना अक्षरशः गाडीत घातलं.

दामनला पोचलो तेव्हा सकाळ होती. घाट चढवून आणलेल्या लॉरीच्या मागंच मी थांबलो. तोंडातून शब्द काढला नाही. तात्या घोंगडी सावरत पुढं गेले आणि थबकले. सगळ्यांच्या आधी तेच बोलले.

"कौसे, ती पांढरी भिंत हाय का ढग?"

"तुम्हाला दिसतंय?"

"लई दिसतंय. त्यो मधला बघ, कड मोडलेला. त्याच्या पल्याड आणिक एक हाय, बारका." ते एकेक शिखर सांगत गेले. पाटलीणबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बया! अगं, ह्यो निराळाच हाय की!"

मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही. तात्या वळून माझ्यापाशी आले.

"म्हंजी तुमी खरं सांगत हुता."

"होय, तात्या."

"म्हंजी माझी ह्या सालची पेरणी तुमी खाल्ली."

परतीच्या सगळ्या प्रवासात ते माझ्याशी बोलले नाहीत. कुर्डुवाडीला गाडी बदलताना मी त्यांची वळकटी उचलायला गेलो, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

येळवसला त्यांचा सांगावा आला, रानात जेवायला या. मी भीतभीतच गेलो. तात्यांनी जेवणाआधी मला ज्वारीच्या कडेनं नेलं. पीक कमरेच्या वर आलं होतं. तासं नागमोडी गेली होती, एका ठिकाणी तर दोन तासं एकमेकांत शिरली होती.

"हे बघा. धाकल्यानं पेरलंय, पण नाव तुमचं. गावात समदे ह्याला मॅनेजरचं तास म्हणत्यात."

मागं धाकटा भाऊ म्हणाला, "पीक तर आलंय की, दादा!"

"आलंय. त्यात तुझा काय गुण? जिमीन माझी हाय."

मग त्यांनी मला खोपीत बसवलं, माझ्या ताटात भज्जी वाढली आणि आंबिलीचा तांब्या पुढं सरकवला. "खावा. पोटभर खावा. पुढच्या साली मूठ माझी हाय."

पुढच्या वर्षी हस्त नक्षत्रात त्यांनी स्वतः पेरलं. आमच्या कंपनीचा नेपाळचा सीझन कायमचा कार्तिकात गेला आणि ही कल्पना आपलीच, असं बापूराव शेवटपर्यंत सांगत राहिले. मीही कधी खोडून काढलं नाही. कार्तिकात का, हे सांगायचं म्हटलं तर वैशाखाचंही सांगावं लागलं असतं. आता पन्नाशी उलटल्यावर सांगतो आहे. पर्वत बघायचा असेल तर कार्तिकात जा. आणि कुणी नेणारा मिळाला, तर आधी त्याला विचारा की त्यानं स्वतः तो बघितलाय काय, आणि कुठल्या महिन्यात.