मामेसासऱ्यांचं विलायती भेकर

देवाने जग निर्माण केलं ते आमच्या पावस गावच्या हापूससाठी आणि भेकरं निर्माण केली ती आपला अंत पाहण्यासाठी, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं बुटकं हरीण. मामांच्या बागेतल्या आंब्याच्या कलमांची कोवळी पालवी त्याला फार प्रिय. ते भुंकलं की मामा असतील तिथून पत्र्याचा डबा बडवत धावणार. एकदा तर सत्यनारायणाच्या पंगतीतून, दहीभात हातात तसाच घेऊन धावले होते.

मामी गेल्यावर मुलीने त्यांना हट्टाने इंग्लंडला नेलं. पहिल्याच सकाळी परसात बघतात तर भेकर गुलाब खातंय!

"बाबा, ते चिनी आहे," मुलगी म्हणाली. "कुणा श्रीमंताने हौसेने आणून पाळलं, त्यातली काही कुंपणातून सुटली नि रानभर पसरली."

"चिनी कसलं गो? तोंड बघ, आपल्या पावसच्या सड्यावरचंच!"

झालं. डबा बडवणारे मामा सफरचंदाच्या फोडी करून त्याची वाट बघू लागले. त्याच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मराठीतून. शेजारीण फुलझाडांची तक्रार घेऊन आली, तर तिला म्हणाले, "मॅडम, ही इज गेस्ट. मी टू गेस्ट." बाई चहा पिऊन गेली.

मग एका सकाळी भेकराचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला. प्राणी वाचवणारी माणसं येईपर्यंत मामा आपली शाल त्याच्यावर घालून थंडीत बसून राहिले. त्या माणसांनी सांगितलं, पाय बरा होईल, पण परदेशी जात म्हणून कायद्याने त्याला पुन्हा मोकळं सोडता येणार नाही. आता जन्मभर कुंपणातच. मामा चिडले. "जन्म इथला, आई इथली, मग परकं कसं हो?" मुलीने त्याचं इंग्रजी करून सांगितलं. ती माणसं भली होती, त्यांनी भेकर मामांच्या शालीसकट अलगद उचलून नेलं.

मामा परत आले, पण दर रविवारी मुलीच्या फोनवर आधी भेकराची चौकशी, मग नातवाची. गेल्या रविवारी मी मामांकडेच होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, पाय बरा झाला. कुंपणात आता आणखी दोन भेकरं आणलीत त्याच्या जोडीला."

"सोबत झाली ना? मग बरं झालं," मामा म्हणाले आणि फोन ठेवून रिकाम्या अंगणाकडे बघत बसले. मी निघायला म्हणून चपला पायात सरकवल्या.

"जावईबापू, आता जेवूनच जा. भात टाकलाच आहे," ते घाईघाईने म्हणाले.

स्वयंपाकघरात अजून गॅससुद्धा पेटला नव्हता. मी चपला काढून ठेवल्या.