साखर विसरलो, असं मी म्हणालो

आमच्या हिच्या केळ्याच्या केकबद्दल मी महाळुंग्याच्या कंपनीत मारलेल्या थापा एका ट्रेलरमध्ये मावणार नाहीत. त्याच्या वासाने पिंपरीच्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी गाड्या हलेनात, त्या केकपायी एकाचं मोडलेलं लग्न जमलं, वगैरे. लोकांना कळायचं, तरी मी डबा उघडला की अख्खी लाइन गोळा. केक होताच तसा, राव. दोन थर, मध्ये आणि वर लोणी-पिठीसाखरेचं क्रीम. ओव्हन म्हणजे शिट्टी काढलेला, तळाला मीठ पसरलेला कुकर.

मग डॉक्टरांनी हिची औषधं थांबवली आणि घरी न्या म्हणाले. खाणं सुटलंच होतं. चमचाभर पेज घ्यायची, तीही माझ्या समाधानाला. एका सकाळी हॉलमधल्या कॉटवरून म्हणाली, केक खावासा वाटतोय. मी रजा टाकली. हिच्या पोटात एक घास जावा, बाकी जग गेलं उडत.

ती पडल्या पडल्या सांगत होती, मी करत होतो. केळी कुस्करली, साखर शिगोशीग वाटीभर घातली. दोन थर सारखे हवेत म्हणून कंपनीतलं व्हर्नियर लावून जाडी मोजली. ती म्हणाली, "अहो, केक आहे तो, गिअर नाही."

गेटावर ट्रक उभा असला की गरम मालसुद्धा पॅक करून हाणायचा, ही आमची वीस वर्षांची सवय. केक निवू द्या, असं ती दोनदा म्हणाली. मी गरम थरावरच क्रीम फासलं. ते वितळलं, वरचा थर हळूच घसरला आणि ओट्यावर जाऊन बसला. मी चार टूथपिक ठोकून तो परत जागेवर बसवला. ती हसली. किती महिन्यांनी, ते मला मोजता आलं नाही.

मी चमच्याने घास भरवला. तिने तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि गिळला.

"साखर घातली नाहीत का हो?"

तिची चव गेली होती. मला ते त्या क्षणी कळलं. तिला कळलं नव्हतं.

"विसरलो गं," मी म्हणालो. आयुष्यभर मोठमोठ्या फेकल्या, पण ही एवढीशीच जड गेली.

"तरी म्हटलं," ती समाधानाने म्हणाली. "पुढच्या वेळी मी सांगते तशी घाला."

संध्याकाळी मी मुद्दाम हिरवीगार केळी आणली. केकला काळी पडेपर्यंत पिकलेली लागतात, म्हणजे तेवढे दिवस तरी हातात राहतील, असा माझा हिशोब. पाचव्या दिवशी केळ्यांवर ठिपके आले. त्या दिवशी आमच्या घरात गॅस पेटला नाही, शेजारणीने पिठलं-भात आणून ठेवला होता.