पॅरिसचा बाजा

धातूची कुठलीही वस्तू हाताशी आली की मिस्त्री आधी तिच्यावर मधल्या बोटाच्या नखाने टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. मग ट्रकचा रेडिएटर असो, चहाचं पातेलं असो, नाहीतर एकदा आमच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन. ऐकून झालं की निकाल. "पितळ खोटा बोलत नाय, भाऊ. मानूस बोलतो." मशीन पितळेचं नाही असं मी म्हणालो, तर म्हणाले, "म्हनूनच आवाज बसलाय."

नव्वद सालानंतर कधी तुम्ही हायवेने कोकणात उतरला असाल, तर पोलादपूर सुटता सुटता त्यांची पत्र्याची शेड तुम्हाला दिसली असेल. कशेडी घाटाच्या चढाला ट्रक तापत, रेडिएटर फुटत, आणि फुटलेला रेडिएटर मिस्त्रींकडे येई. शेडबाहेर तांब्यापितळेचे जुने रेडिएटर एकावर एक रचलेले, आणि आत गॅसची ज्योत, ॲसिडची बाटली घेऊन मिस्त्री गळक्या नळ्यांना कथलाचा डाग देत बसलेले. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर माणसं लोटली की लांबलांबून आलेल्या गाड्यांची त्यांच्या दारात रांग लागायची. पण एप्रिल उजाडला की शेड दुपारीच बंद. लग्नसराईत मिस्त्री लाल कोट चढवून बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. ते त्याला बाजा म्हणत.

त्यांचा बाजा चारपाच हातांतून फिरून आलेला होता. "यातला मूळचा किती आनि माझा डाग किती, ह्या मला पन सांगता येत नाय," म्हणायचे. सॅक्सोफोनच्या नळीला भोकं असतात, त्यांवर चाव्या, आणि चाव्यांखाली चामड्याच्या गोल गाद्या. एखादी गादी नीट बसली नाही की वारा निसटतो. ते शोधायला मिस्त्री ट्रकचा छोटा दिवा नळीत सोडायचे, आणि अंधार हवा म्हणून बाजासकट गोधडी अंगावर ओढून घ्यायचे. जिथून उजेड फुटेल तिथे गळती. एकदा तुडीलचे एक ट्रकमालक चाचा आले. भर दुपारी गोधडीचा ढीग बघून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, वाफारा घेतोस काय रे?"

गोधडीतून उत्तर आलं, "मी नाय चाचा, बाजा घेतोय."

आम्ही शेजारी. मी महाडला एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो आणि पोलादपूरला राहायचो. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला मी घरी कॉम्प्युटर घेतला, टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट सुरू झालं. मिस्त्री बघायला आले. म्हणाले, "ह्यात फ्रान्सचा बाजा दिसेल काय?"

त्याचं असं होतं. तरुणपणी ते मुंबईत एका गॅरेजात होते. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गोवेकर वादक राहत. त्यांच्याकडे पॅरिसला बनलेला जुना सॅक्सोफोन होता. एका दुपारी त्यांनी तो मिस्त्रींच्या हातात दिला. त्या एका दुपारीबद्दल मिस्त्री आयुष्यभर बोलत राहिले. "फुकलापन नाय, भाऊ. नुसता उसासा टाकला, तर बोलला. त्याच्याकडे वारा मागावा लागत नाय."

मी इंग्रजीत दोन शब्द टाकले. रेघारेघांनी, वरून खाली, एक फोटो उतरायला लागला. आधी नळीचं वळण, मग शिंपल्याची बटणं, शेवटी कर्ण्यावर कोरलेली फुलं. मिस्त्रींनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी पडद्यावर टिचकी मारली नाही. हात मागे बांधून बसले.

त्यानंतर आठवड्यातून तीनदा तरी संध्याकाळी हाक यायची, "चला भाऊ, जरा फ्रान्सला जाऊन येऊ." त्यांच्या दारात कोणी विचारलं तर वहिनी, मिस्त्रींची बायको, सांगायच्या, "ते पॅरिसला गेलेत, जेवायला येतील." एका परदेशी वेबसाइटवर जुन्या वाद्यांचा लिलाव चाले. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, पण वाद्यावरचा नंबर वाचून ते कुठल्या काळातलं हे ते सांगू लागले. कुठल्या फोटोत बाजाचा वाकलेला गळा सरळ केलाय, कुठे पितळेवरचं मूळचं सोनेरी पाणी घासून नवं चढवलंय, सगळं ओळखायचे. "हा म्हातारा नटलाय. सोडा ह्याला." बघायला पैसे पडत नव्हते. खरं सांगायचं तर मलाही त्याची चटक लागली होती. दिवसभर काळ्या फिल्मवर लोकांच्या बरगड्या बघितल्यावर संध्याकाळी ते सोनेरी पितळ बघून डोळे निवायचे.

त्याच वर्षी लग्नसराईत कापड्याला, त्यांच्याच गावात, मी त्यांना गाण्याच्या मध्येच थांबताना पाहिलं. ओळ अर्ध्यावर तुटली, क्लॅरिनेटवाल्याने ती उचलून पुढे नेली. परतताना मिस्त्री म्हणाले, "बाजा वारा खातोय." मे महिन्यात बँडमालकाने त्यांना मागच्या रांगेत घातलं. तेव्हाही म्हणाले, "बाजा वारा खातोय." गोधडीखाली दिवा सोडून त्यांनी चारचारदा गळती शोधली. कुठेच उजेड फुटला नाही.

पावसाळ्यात खोकला हटेना म्हणून ते दवाखान्यात आले. फोटो मीच काढला. छाती प्लेटला टेकवून उभे राहिले. मी रोज शंभरदा म्हणायचो तेच म्हणालो, "मोठा श्वास घ्या. धरून ठेवा."

त्यांना तो धरता आला नाही. तीनदा घेतला, तीनदा खोकल्याने सुटला. चौथ्यांदा कसाबसा फोटो निघाला. फिल्म धुऊन उजेडावर धरली तेव्हा मला डॉक्टरांची गरज पडली नाही. दोन्ही फुफ्फुसांत खालपर्यंत जाळं विणल्यासारखं झालं होतं. बिडीला न शिवलेला माणूस. पंधराएक वर्षं बंद शेडमध्ये ॲसिडचा धूर.

डॉक्टरांनी डाग देणं बंद करायला सांगितलं, फुंकणंही. बाहेर आल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "डॉक्टरला बाजातला काय कलतंय? आनि भाऊ, घरात बोलू नका." मी बोललो नाही.

दिवाळीनंतर लिलावात तसाच पॅरिसचा एक बाजा आला. सुटकेससारख्या पेटीतला, डाग नाही, ठोका नाही, मूळचं पाणी तसंच. रविवारी सकाळी दहाला लिलाव संपणार होता. क्रेडिट कार्ड आमच्या आळीत माझ्या एकट्याकडे. मिस्त्रींनी शेडची जागा विकत घ्यायला साठवलेले पैसे पिशवीतून माझ्याकडे आणून ठेवले.

शनिवारी ते कामावर असताना वहिनी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "भावजी, जागेचं मी बोलत नाय. पन तेंना दम कसा लागतोय, रात्री उशाला बसून मी ऐकते. तुम्ही नको म्हनलात तर ते ऐकतील. माझा नाय ऐकनार."

"बघतो," मी म्हणालो.

रविवारी नऊ वाजता मिस्त्री अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. मी त्यांना सांगणार होतो. फोटोत काय दिसलं ते सांगणार होतो, वहिनींचं सांगणार होतो. दहाला पाच मिनिटं कमी असताना कोणीतरी बोली वाढवली.  मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकडा टाकला आणि बटण दाबलं.

दीड महिन्याने खोकं आलं. पेटीच्या आत निळा मखमली कपडा, त्यात तो. मिस्त्रींनी कर्ण्यावरच्या फुलांवरून अंगठा फिरवला, माउथपीसची वेताची पट्टी जिभेवर भिजवली आणि फुंकलं. चार सूर आले. तसे सूर मी त्या शेडमधून कधी ऐकले नव्हते. पाचव्याला नुसती हवा.

त्यांनी पुन्हा फुंकलं. चार. पुन्हा. तीन.

वहिनी दारातून बघत होत्या, मिस्त्रींकडे नाही, माझ्याकडे.

"गाद्या वाळल्या असतील," मी म्हणालो. "इतका लांबचा प्रवास."

"वाळल्याच असतील," मिस्त्री म्हणाले.

मग आम्ही एसटीने मुंबईला गेलो, बाजे दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे. कारागीर मिस्त्रींहून दहा वर्षांनी मोठा, दोन काठ्या घेऊन चालणारा. त्याने दिवा टाकून बघितलं, चाव्या दाबून बघितल्या, आणि खुर्चीत बसल्या बसल्या, काहीही जोर न लावता, एक सबंध चाल वाजवली. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. मिस्त्री फळीचा कोपरा धरून उभे होते. चाल संपली तशी कारागिराने बाजा पुसून पेटीत ठेवला. "यात करण्यासारखं काही नाही. ठणठणीत आहे."

"वाजतोय," मिस्त्री म्हणाले. 

येताना ते एसटीत खिडकीशी बसले. पेटी मांडीवर. माणगावला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आम्ही बसून राहिलो. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही फोटू बघितला होतात ना? माझ्या छातीचा."

"हो."

"मंग सांगितला का नाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यांनी जरा विचार केला. "नाय," म्हणाले. "पन तुम्ही सांगायला पायजे होता."

  तुम्ही म्हणाल, बाजा नसता घेतला तर माणूस झुरला असता. मीही स्वतःला तसंच समजावतो, आणि मग उंबऱ्यातल्या वहिनी आठवतात.

शेड त्यांनी त्या उन्हाळ्यात दुसऱ्याला दिली. माझ्याकडे कॉम्प्युटर बघायला ते पुन्हा आले नाहीत. रागावले नव्हते. रस्त्यात भेटले की थांबायचे, मुलांची चौकशी करायचे. बोलताना मधे मधे दम घ्यायला थांबावं लागे, आणि तेवढा वेळ समोरच्याने काही बोलू नये म्हणून हात वर धरायचे. बाजा विकून टाका, मी वेबसाइटवर टाकतो, असं मी एकदा म्हणालो, तेव्हाही तो हात तसाच वर झाला. दम घेऊन झाला तरी खाली आला नाही. दोन वर्षांनी, भात कापणीच्या दिवसांत ते गेले. मी त्या आठवड्यात बहिणीकडे पुण्याला होतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दहा-बारा दिवस आधी. औषध द्यायला गेलो होतो. मिस्त्री पलंगावर उशांना टेकून बसले होते, बाजा गळ्यात, माउथपीस काढून बाजूला ठेवलेला. ते फुंकत नव्हते. नुसती बोटं चालू होती. गाद्या भोकांवर पडत तसा टप्, टप् असा बारीक आवाज येई, कधी जाड, कधी पातळ. वहिनी खाली बसून तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी मान वर केली.

"थांबा भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं कडवं चालू हाय."

मी चपला हातात घेऊन दारातच थांबलो. गाणं कुठलं, ते कुठवर आलंय, मला काहीच कळत नव्हतं. वहिनींची बोटं तांदळात थबकली होती. मिस्त्रींनी चाव्यांवरून हात उचलले, तेव्हा मी आत गेलो.