खळ काढलेलं फडकं

मी मॅट्रिक झाले होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते. विणकराच्या घरात सून म्हणून आल्यावर तर मुळीच नाही. सासूबाई नव्हत्या, नवरा गिरणीत. दिवसभर घरात मी, माझी दीड वर्षाची लेक आणि हातमागावर बसलेले मामंजी, म्हणजे माझे सासरे.

त्या मे महिन्यात गल्लीतल्या विहिरीनं तळ गाठला. बादलीत पाण्यापेक्षा गाळच जास्त यायचा. लेकीला हगवण लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून पाजा, सारखं पाजत राहा. पण चिखल उकळला तरी चिखलच. पोरगी घोट घ्यायची आणि थुंकून टाकायची. तिचे ओठ सुकले, डोळे खोल गेले. माझं तर धाबंच दणाणलं. मग शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवलं.

एका मडक्याच्या बुडाला भोक पाडलं. भोकावर माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं, त्यावर इस्त्रीवाल्याकडचा कुटलेला कोळसा, वर कन्हान नदीची धुतलेली रेती. खाली माठ. पहिलं पाणी काळं ठिक्कर आलं.

मामंजी मागावरून उठून बघायला आले. "हे तं शाई झाली वं!"

"हसून काहून राहिले तुम्ही? पोरगी सुकून चालली," मी फणकारले.

त्यांचं हसू गेलं. फडकं उजेडात धरून म्हणाले, "वीण विरली याची. कोळसा थांबन कसा?" आणि स्वतः विणलेल्या कोऱ्या पंच्याचा तुकडा कापून दिला. विकायच्या मालाला त्यांनी कात्री लावलेली मी कधी पाहिली नव्हती.

कोळसा धुऊन पुन्हा भरला. या खेपेला पाणी पांढुरकं उतरलं, पेजेसारखं. मी रडायलाच बसले. मामंजींनी बोट बुडवून चाखलं आणि कपाळावर हात मारला.

"खळ! पंच्याची खळ काढलीच नाही मी!"

चाळीस वर्षं याच हातांनी सुताला खळ लावून ताठ करणारा माणूस खळ विसरला होता. मॅट्रिक सुनेलाही ती आठवली नव्हती, हे मी तेव्हा बोलले नाही. बुळबुळीतपणा पार जाईपर्यंत ते फडकं त्यांनीच गरम पाण्यात चोळलं, पिळलं, पुन्हा चोळलं. माग तसाच थांबून होता.

दुपारी थेंब थेंब पाणी उतरलं, स्वच्छ. ते उकळून निववलं आणि पेला लेकीच्या ओठांना लावला. तिनं घोट तोंडात धरला. आम्ही दोघं बघत राहिलो. तिनं गिळला, आणि पेला दोन्ही हातांनी ओढून घेतला.

"दे वं, आणखी दे तिले," मामंजी म्हणाले.

पोरगी सावरली. पुढे पावसाळ्यात विहीर भरली, पण मडकं आमच्या घरात कायमचं बसलं. ते भरायचं काम मामंजींनी मला कधी करू दिलं नाही. आणि लेकीच्या पेल्यात पाणी ओतण्याआधी एक घोट ते स्वतः घेऊन बघायचे, ती शाळेत जायला लागली तरी.