आतली कड

टायर बाहेरून बघणारे पुष्कळ असतात. वैद्यकाका आतून बघायचे, आणि तेही डोळ्यांनी नव्हे, तळहाताने. चाकांचं अलाइनमेंट करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. नाडी बघावी तसा टायरवर हात फिरवतात म्हणून गॅरेजने त्यांना वैद्य करून टाकलं, आणि केस पिकल्यावर काका जोडलं. मशीनवर आकडे उमटायच्या आत हे सांगून मोकळे व्हायचे, "डावं चाक आत झुकलंय, रबर खातंय." हातमोजे कधी घातले नाहीत. "हातमोजे घालून कुणी बाळाचा ताप बघतं का?" असं वर विचारायचे. ऐट होती ती, पण त्यांना शोभायची.

त्या हाताला सहा महिन्यांपासून काही कळत नव्हतं. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. चहाचा पेला गरम आहे की निवलाय, हे ओठाला लावल्यावर समजायचं. बायकोला त्यांनी हे सांगितलं नाही, मालकाला तर नाहीच नाही. मालकाने दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसवलं असतं. जन्म गाडीखाली गेलेल्या माणसाने काउंटरवर बसून करायचं काय? गिऱ्हाइकाला पाणी हवं का विचारायचं? म्हणून हात पूर्वीसारखाच फिरत राहिला आणि काम डोळ्यांनी निभावलं जात होतं. मनातली धाकधूक मात्र एक दिवसही गेली नव्हती.

त्या दिवशी सकाळी थोरली लेक नातीला घेऊन गाडी दाखवायला आली. जावयाने दोन महिन्यांपूर्वी आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवून घेतली होती, का तर झोकदार दिसते. काकांनी तेव्हाच बजावलं होतं, की गाडी खाली आली की चाकं वरच्या बाजूने आत कलतात आणि टायर आतल्या कडेवर झिजतो, तेव्हा लगेच अलाइनमेंटला आणा. जावई "हो हो" म्हणाले. दोनदा हो म्हणणारा माणूस येत नाही, हे काकांना ठाऊक असायला हवं होतं.

लेकीला घाट उतरून सासरी जायचं होतं आणि ती घाईत होती. रॅम्पवर दुसरी गाडी चढलेली. पुढची चाकं वळवून काकांनी नजरेने पाहिली, ती बरी होती. मागच्या बाजूने गाडी इतकी बसलेली, की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये जेमतेम हात शिरेल. खाली आडवं होऊन बघता आलं असतं. पण लेकीने लहानपणापासून बाबांचा हातच पाहिला होता. तिच्यासमोर आडवं कशाला व्हायचं? त्यांनी हात घातला, फिरवला, काढला. "ठीक आहे. परत आलीस की अलाइनमेंट करू." नातीने खिडकीतून टाटा केला.

जेवायच्या सुट्टीत ते बेसिनवर हात धुवायला गेले, तर साबणाचा फेस गुलाबी झाला. काळं ग्रीस निघालं तशी अंगठ्यापासून मनगटापर्यंत लांब चीर दिसली. कुठे लागलं बरं, असं म्हणत त्यांनी हात उजेडात धरला. चिरेच्या टोकाला काहीतरी चकाकलं. चिमटीने ओढलं, तर केसाएवढी पोलादी तार निघाली.

अशी तार टायरच्या पोटात असते. रबर पार संपल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

सकाळपासून न बघता हात घातला होता तो एकाच गाडीत.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यांनीच तिच्या डोक्यात भरलेलं. बेसिनची कड धरून ते उभे होते आणि डोळ्यांसमोर फक्त घाटातलं वळण येत होतं. पाचव्यांदा फोन उचलला गेला.

"आजोबा, आई गाडी चालवतेय," नात म्हणाली. "तिला बोलता येणार नाही. तुमचाच नियम आहे ना?"

"राणी, ऐक. आईला सांग, गाडी हळू कर. ब्रेक जोरात दाबू नको. कडेला घे आणि थांब. सांग पटकन!"

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग गाडीचा आवाज, मागून कुणाचा तरी लांबलचक हॉर्न, आणि मग काहीच नाही. काका "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"थांबलेय बाबा," लेकीचा आवाज आला. "घाट आत्ताच सुरू झालाय. काय झालं?"

"मागच्या टायरपाशी वाकून आतली कड बघ."

ती वाकली असावी.

"बाबा, बाहेरून तर नवा दिसतोय," ती म्हणाली. "आतून नुसत्या तारा आहेत. सकाळी तुम्ही हात फिरवला होतात ना?"

डबा घेऊन आलेला मालक दारात थबकला होता. घाईत राहून गेलं, एवढं म्हटलं की भागलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"फिरवला होता," काका म्हणाले. "तार हातात घुसली, तरी मला कळलं नाही. सहा महिने झाले, हाताला काही कळत नाही गं."

मालकाने डबा बेसिनवर ठेवला आणि आपल्या गाडीची किल्ली काढली.

फोन पुन्हा नातीच्या हातात गेला होता. "आजोबा, तार घुसली? खूप दुखतंय का?"

"नाही गं राणी," काका म्हणाले. "अजिबात दुखत नाही." आणि एवढं बोलून ते मालकासमोर ढसाढसा रडायला लागले.